पुढचे मॅनिकिन देण्यापूर्वी

पुण्यातील कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) समित्यांचे सदस्य आणि वैद्यकीय न्यासांचे विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, तुमच्यापैकीच एकांनी आमच्या रुग्णालयाला एक मॅनिकिन, म्हणजे उपचारांच्या सरावासाठीचा माणसासारखा पुतळा, भेट दिले. नाव घेत नाही, कारण तक्रार त्यांच्या दानतीबद्दल नाही. नारळ फुटला, फीत कापली, पेढे वाटले. मॅनिकिन मोठे देखणे होते. छाती वरखाली व्हायची, डोळे मिचकायचे, डोळ्यांतल्या बाहुल्या लहानमोठ्या व्हायच्या, मनगटाला नाडी लागायची. इंटर्न मुलांनी त्याच संध्याकाळी त्याचे बारसे केले: बंडोपंत. पहिले वर्षभर बंडोपंत आठवड्यातून दोनदा नेमाने मरायचे आणि आम्ही त्यांना परत आणायचो. मग वॉरंटी संपली आणि लगोलग कॉम्प्रेसर गेला. दुरुस्तीच्या वार्षिक कराराचे पैसे ना देणगीत होते, ना रुग्णालयाच्या बजेटमध्ये. आज बंडोपंत स्किल लॅबच्या, म्हणजे सरावाच्या खोलीच्या, कोपऱ्यात हिरव्या चादरीखाली पडून आहेत. लॅबची किल्ली स्टोअरकीपरकडे असते. देणगीदारांच्या नावाची पितळी पाटी मात्र लखलखीत आहे, कारण ती बाहेरच्या भिंतीवर आहे आणि मावशी ती रोज पुसतात.

मी आपत्कालीन वैद्यक विभागात सहायक प्राध्यापक आहे. जुन्या भाषेत कॅज्युअल्टीची डॉक्टर. एमडी होऊन चार वर्षे झाली. आमचा विषयच तसा तरुण. मेडिकल कौन्सिलने त्याला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये. २०२० च्या नियमांनी हा विभाग आणि स्किल लॅब दोन्ही महाविद्यालयांना सक्तीचे केले, आणि २०२३ च्या नव्या निकषांत विभाग सक्तीच्या यादीतून गळला. लॅब राहिली, विभाग गेला! यावर वेगळे पत्र लिहिता येईल, पण ते तुम्हाला नव्हे, दिल्लीला.

तुमच्याकडे मागणे एवढेच आहे की पुढचे मॅनिकिन देण्यापूर्वी, त्याच्या किमतीच्या एका छोट्या हिश्शात, एखाद्या नवख्या डॉक्टरच्या प्रश्नाला पैसे द्या. प्रश्नाला म्हणजे काय, ते सांगते.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे पावणेतीन. सीटी स्कॅनबाहेरच्या पॅसेजमध्ये मी एका ट्रॉलीवर आमचे जुने, नुसते धड असलेले रबरी मॅनिकिन ठेवले आणि कुणालाही आधी न सांगता हाक मारली, "पेशंटचा श्वास थांबलाय!" अशी ड्रिल लॅबमध्ये न करता जिथे पेशंट खरोखर कोसळतो तिथेच, त्या शिफ्टच्या माणसांना घेऊन करायची असते. दोन रेसिडेंट, एक सिस्टर, एक इंटर्न धावत आले. सिस्टरने क्षणात छाती दाबायला घेतली. अँब्यू, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, आली. ट्रॉलीखालचा ऑक्सिजन सिलिंडर भरलेला होता, पण बंद. तो उघडायची चावी नव्हती. चावी सुतळीला बांधून वॉर्डबॉय मामांच्या खिशात होती आणि मामा गेटबाहेरच्या टपरीवर चहाला गेले होते. माझ्या हातात स्टॉपवॉच. चार मिनिटे दहा सेकंद.

मामांना मी काही बोलले नाही. बारा तासांत त्यांचा तो पहिला चहा होता. पण ड्रिलनंतर सगळे भिंतीला टेकून बसलो तेव्हा इंटर्न हळूच म्हणाला, "मॅडम, मला सुरुवातीलाच दिसलं होतं सिलिंडर बंद आहे ते." मग बोलला का नाहीस? "सर बोलत होते ना."

दुसऱ्या दिवशी मी बोहरी आळीतून साखळी आणली आणि चावी सिलिंडरलाच अडकवून टाकली. पंधरा दिवसांनी पुन्हा ड्रिल, ऑक्सिजन वीस सेकंदांत सुरू. आम्ही खूश. तीन महिन्यांनी तिसरी ड्रिल, आणि पुन्हा चावी नाही. रिकामा सिलिंडर भरायला गेला होता तो साखळीचावीसकट, आणि बदली आलेल्या सिलिंडरची कुणी काळजीच केली नव्हती. मधल्या काळात निम्मे इंटर्न बदलले होते, सिस्टरची बदली झाली होती, रेसिडेंट आयसीयू पोस्टिंगला गेले होते.

तर प्रश्न असा: अशी ड्रिल किती दिवसांनी केली तर केलेली सुधारणा टिकते? पंधरा दिवसांनी, महिन्याने, तीन महिन्यांनी? दहा मिनिटांची पुरते की तासाची लागते? आणि इंटर्नने सरांच्या देखत तोंड उघडावे म्हणून नंतरची चर्चा कशी घ्यायची? त्या चर्चेला आम्ही डीब्रीफिंग म्हणतो, आणि सिम्युलेशनचा, म्हणजे अशा बनावट प्रसंगातून शिकण्याचा, जीव त्यातच असतो. मॅनिकिन हे निमित्त. डीब्रीफिंगच्या ज्या पद्धती आम्ही शिकतो त्या बहुतेक अमेरिका-कॅनडात तयार झाल्या, जिथे शिकाऊ डॉक्टर सीनियरला नावाने हाक मारतो. आमच्याकडे 'सर' खोलीत असताना त्या चालतात का? की सरांना पाच मिनिटे बाहेर चहाला पाठवले तर जास्त चालतात? मी थट्टा करत नाही. हे मोजता येते. मोजायला रात्री स्टॉपवॉच आणि तक्ता घेऊन उभे राहणारे एक माणूस लागते, आणि ते मी असू शकत नाही, कारण त्या वेळी मी ड्युटीवर असते.

कोणी म्हणेल, बारीकसारीक बाब आहे. बारीक बाबीवर किती अवलंबून असते, त्याचे एक उदाहरण देते. उत्तर टांझानियात हेडोम नावाच्या खेड्यातले एक रुग्णालय आहे. २०१० मध्ये जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळांसाठी एक साधे प्रशिक्षण जगभर सुरू झाले. त्यातले बाळाचे मॅनिकिन पाणी भरून वापरायचे असते, विजेचीही गरज नाही. हेडोममध्ये ते एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. काही महिन्यांनी तपासले तर सुईणी मॅनिकिनवर उत्तम करत होत्या, पण प्रसूतिकक्षात खऱ्या बाळावर फारसा फरक नव्हता. बहुतेक ठिकाणी हे तपासलेच जात नाही, सर्टिफिकेट वाटून विषय संपतो. तिथल्या मंडळींनी मात्र पद्धत बदलली. मॅनिकिन प्रसूतिकक्षातच ठेवले आणि आठवड्यातून एकदा तीन ते पाच मिनिटे सराव आणि महिन्यातून एकदा जरा मोठा सराव ठरवला. पहिल्या चोवीस तासांतले बालमृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. मॅनिकिन तेच होते. बदलले ते वेळापत्रक, आणि ते बदलायला हवे हे कळले कारण कुणीतरी बसून मोजले होते.

उलट बाजूही सांगते, नाहीतर मी सोयीचेच सांगते असे वाटेल. हेच प्रशिक्षण आपल्या नागपूरला, शेजारच्या बेळगावला आणि केनियात मोठ्या प्रमाणावर देऊन अभ्यास झाला, तेव्हा एकत्रित आकड्यांत मृत्युदर घटलेला दिसला नाही. म्हणजे एके ठिकाणी चालले ते दुसरीकडे तसेच चालेल याची हमी नाही. पुण्यात काय चालते ते पुण्यातच पाहावे लागते.

सीपीआरचेच घ्या, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबण्याचे. १९६० मध्ये नॉर्वेतल्या एका खेळणी बनवणाऱ्याने सरावासाठी पहिली बाहुली केली. तिला चेहरा दिला तो पॅरिसमध्ये सीन नदीत सापडल्याचे सांगतात त्या अनामिक मुलीच्या मुखवट्याचा. तेव्हापासून जग त्या बाहुलीवर छाती दाबायला शिकते आहे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. पण शिकलेले तीन ते सहा महिन्यांत ढासळू लागते, हे बाहुली सांगत नाही, ते संशोधकांनी मोजून काढले. आणि आमच्या सीपीआर प्रशिक्षणाच्या कार्डाची मुदत किती? दोन वर्षे!

आता पैशांचे. आम्ही हौशीने जे करतो ते स्वस्तातच करतो. गळ्यात छेद देऊन श्वासमार्ग उघडण्याचा सराव करायचा असेल तर रविवारी सकाळी सातला मी मटणाच्या दुकानात उभी असते. "ताई, आज किती नरड्या?" खाटीकदादा आता विचारतात. पहिल्यांदा त्यांना वाटले होते की माझ्या घरी बरीच कुत्री आहेत. आता ते स्वतःहून श्वासनलिका अखंड राहील अशी कापून देतात, आणि रेसिडेंट मुलांना त्या बकऱ्याच्या नळीत जे हाताला लागते ते कुठल्याही प्लास्टिकमध्ये लागत नाही. सोनोग्राफी बघून सुई टाकायला शिकवायचे तर चायनाग्रास शिजवून त्यात इसबगोल घालायचा, मध्ये पाणी भरलेला फुगा ठेवायचा आणि डब्यात थिजवायचे. स्क्रीनवर अगदी मांसासारखे करडे दिसते. आईने एकदा फ्रीजमधला तो डबा खरवस समजून उघडला होता, असो.

म्हणजे साधनांवाचून आमचे अडलेले नाही. अडते ते पुढे. हे इसबगोलवाले ब्लॉक वापरून शिकलेला मुलगा महिन्याने खऱ्या पेशंटमध्ये पहिल्या प्रयत्नात सुई टाकतो का? हे बघायला नोंदी ठेवणारा सहायक हवा, आकडेमोड करणारा सांख्यिकीतज्ज्ञ हवा, दुसऱ्या दोन रुग्णालयांत जाण्यायेण्याची सोय हवी. हे खर्च इतके किरकोळ आहेत की ते कुठल्याच चौकटीत बसत नाहीत. आयसीएमआरकडे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे, संशोधन अनुदाने आहेत, आणि त्यातल्या 'छोट्या' अनुदानाची मर्यादा दोन कोटी रुपये आहे. छोट्या! तिथे अर्ज करायचा तर प्राथमिक आकडेवारी हातात असावी लागते, आणि प्राथमिक आकडेवारी गोळा करायला आधी पैसे लागतात. क्षयरोग, मधुमेह, कर्करोग यांच्या रांगेत सिलिंडरच्या चावीचा प्रस्ताव घेऊन उभे राहायची माझी छातीही होत नाही.

मग आमच्याकडे संशोधन होते तरी कसे? बढतीला दोन पेपर, म्हणजे छापलेले शोधनिबंध, लागतात. संशोधनाचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा आहे, तो चांगलाही आहे, अभ्यास कसा आखावा हे सगळे शिकवतो. आखून झाल्यावर खिशात हात घालायचा. त्यामुळे होते काय, की वर्कशॉप घ्यायचे आणि संपताना मोबाइलवर फॉर्म पाठवायचा: वर्कशॉप आवडले का? आत्मविश्वास वाढला का? सगळे हो म्हणतात, जेवणही चांगले असते. पेपर छापून येतो. प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्याच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडल्या होत्या: आवडले का, शिकले का, कामावर गेल्यावर वागणे बदलले का, आणि शेवटी ज्याच्यासाठी हे सगळे त्याचे भले झाले का. आमचे बहुतेक पेपर पहिल्या पायरीवर बसून असतात, कारण ती फुकट आहे. असा एक पेपर माझ्याही नावावर आहे, तेव्हा दगड मारताना मी स्वतःला वगळत नाही.

बाहेर याची सोय केलेली आहे. अमेरिकेत आपत्कालीन वैद्यकातल्या अध्यापक-संशोधकांची जी मोठी संघटना आहे, तिचे प्रतिष्ठान सिम्युलेशनमधल्या नवख्या संशोधकांसाठी मुद्दाम वेगळे छोटे अनुदान देते. तिथल्या मानाने रक्कम किरकोळ. पण नवख्याला पहिला प्रश्न धसास लावता येतो, आकडे हाती येतात, आणि मग तो मोठ्या दारावर जाऊ शकतो. आपल्याकडे ती पहिली पायरीच नाही.

पुण्याला ती का हवी? २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीतली सिंहगड रस्त्याची साथ आठवा. तिथल्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांतून जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गुइयां-बारे सिंड्रोमचे, पेशंट येऊ लागले. एरवी ज्याच्या वर्षाला तुरळक केसेस दिसायच्या तो आजार रोज ट्रॉलीवर. पायातली ताकद गेलेली, मग हात, मग श्वास. अशा पेशंटला नळी टाकताना आम्ही एरवी सवयीने ज्या सक्सिनिलकोलीन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाकडे हात नेतो ते टाळायचे असते, कारण त्याने रक्तातले पोटॅशियम धोकादायक वाढू शकते. पुस्तकातले हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. पण पहाटे चारला हात सवयीचे ऐकतात. त्या आठवड्यात मी ड्युटीरूममधल्या टेबलावर, फळ्यावर मार्करने मॉनिटर काढून, रोज दहा मिनिटांची ड्रिल घेतली. उपयोग झाला का? मला वाटते झाला. पण 'मला वाटते' यापलीकडे माझ्याकडे काही नाही.

त्याच दिवसांत आणखी एक गंमत लक्षात आली. श्वासाची ताकद बघायला आम्ही पेशंटला एका श्वासात अंक मोजायला सांगतो. कितीपर्यंत मोजले की चिंता नाही, याचे ढोबळ आकडे इंग्रजी पुस्तकांतून आलेले. पण किरकटवाडीच्या आजी "एक, दोन, तीन" म्हणणार, आणि विसाच्या पुढे "एकवीस, बावीस, तेवीस". मराठीत एका श्वासात मोजायला तेवढाच दम लागतो का? अभिनय करणाऱ्या प्रशिक्षित माणसांना पेशंट म्हणून बसवून रेसिडेंटना हे शिकवता येईल, आणि आधी निरोगी माणसांत मोजूनही पाहता येईल. खर्च जवळपास शून्य, लागतो तो एका माणसाचा वेळ. हा प्रश्न बोस्टनमध्ये कुणाला सुचणार नाही.

किंवा १०८ चे घ्या. २०१४ पासून ती सेवा राज्यभर आहे, नियंत्रण कक्ष आपल्या औंधला. गाडीवरचे डॉक्टर बहुतेक बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे पदवीधर, आमच्या दारात पोहोचल्यावर मिनिटभरात सगळे सांगून पुढच्या कॉलला निघणारे. नवले पुलावरचा अपघात असेल तर एका वेळी तीन गाड्या लागतात. त्यांनी सांगितलेले आणि आमच्या रेसिडेंटने केसपेपरवर लिहिलेले यांत काय काय गळते? दोन्हीकडच्या माणसांना एका खोलीत आणून, बनावट अपघात मांडून हे तपासता येईल. आजवर ही दोन माणसे एकमेकांना भेटतात ती फक्त पेशंटच्या अंगावरून.

तुमच्या अडचणी मला थोड्याफार ठाऊक आहेत. सीएसआरवर खर्चायचे तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के, मार्चअखेरची घाई, ऑडिट. मॅनिकिनचे बिल एका दिवसात फाइलला लागते, दोन वर्षांचा अभ्यास लागत नाही. पण कंपनी कायद्यात चालू प्रकल्पाची सोय आहे. वर्षअखेरीपासून तीस दिवसांत न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत ती वापरता येते. सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांना आणि आयसीएमआरसारख्या संस्थांना संशोधनासाठी दिलेले पैसेही त्याच कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये, म्हणजे सीएसआरच्या मान्य कामांच्या यादीत, बसतात. खासगी रुग्णालयातल्यांनी त्यांच्या जोडीने अर्ज करावा, म्हणजे आपसूकच दोन रुग्णालये एकत्र येतील. आणि तुमच्यातल्या मोठ्या कंपन्यांना एक कोटी व त्यावरच्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावेच लागते. 'दिलेल्या पैशाने नक्की काय झाले' हा प्रश्न तुम्हाला कायद्याने विचारला जातो, आम्हाला तो स्वतःहून विचारायचा आहे. भांडण कुठे आहे?

रक्कम विचाराल तर एका अभ्यासाला दोन वर्षांसाठी पाच लाख. त्यातले बहुतेक एका अर्धवेळ सहायकाच्या मानधनात जातील, थोडे सांख्यिकीतज्ज्ञाला, थोडे पेट्रोलला, आणि थोडे चहाला, कारण रात्रीच्या ड्रिलनंतर चहा पाजल्याशिवाय कुणी खरे बोलत नाही. उपकरणांवर एक पंचमांशाहून जास्त खर्च करायला बंदी घाला, नाहीतर आम्हीच पुन्हा बंडोपंत मागू. अर्जदार पदव्युत्तर पदवी घेऊन पाच-सात वर्षांच्या आतला असावा. नर्सिंगच्या अध्यापिकांना आणि १०८ च्या डॉक्टरांनाही अर्ज करू द्या, मराठीतून करू द्या, आणि अर्ज दोन पानांचा ठेवा. विभागप्रमुखाची सही घ्या, पण नाव पहिले त्याचे नको. निवड बाहेरगावच्या तज्ज्ञांनी करावी, पुण्यात सगळे एकमेकांचे विद्यार्थी आहेत. आणि एक अट मात्र कडक घाला: उत्तर 'काही फरक पडला नाही' असे आले तरी ते जाहीर करायचे. बंडोपंतांचे बिल मी पाहिलेले आहे. त्या रकमेत असे सात प्रश्न तडीला गेले असते.

फोटो काय काढायचा, हा प्रश्न उरतो, आणि तो लहान नाही हे मला कळते. फीत कापायला काही नसेल. एखादी मुलगी पहाटे तीनला पॅसेजच्या कोपऱ्यात स्टॉपवॉच घेऊन उभी आहे, एवढेच दिसेल, आणि तेही अंधुक, कारण तिथली एक ट्यूब गेलेली आहे.

पुढची ड्रिल याच महिन्यात आहे. तुमच्यापैकी कुणी एकाने यावे, भिंतीशी उभे राहावे, मध्ये बोलू नये. तारीख इथे लिहीत नाही, रेसिडेंट हे पत्र वाचतील. यायचे असेल त्यांना मी आदल्या रात्री कळवीन. सिलिंडरच्या चावीची नवी साखळी मागच्या आठवड्यात लावली आहे. ती अजून जागेवर आहे का, हे मीही मुद्दाम पाहिलेले नाही.

आपली,
आपत्कालीन वैद्यक विभागातील एक सहायक प्राध्यापक,
पुणे